खिळ्यावरचा बिल्ला

माझा नंबर सत्तेचाळीस होता आणि आत एक्केचाळिसावा गेला होता. रक्तदाब तपासायला महिन्यातून एकदा मी या दवाखान्यात येतो. डॉक्टर दरवेळी विचारतात, झोप लागते का, आणि मी दरवेळी म्हणतो, लागते की. बाकावर बसून मी समोरच्या भिंतीवरचं हृदयाचं चित्र बघत होतो, त्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता आणि उठून तो चिकटवावा असं मला सारखं वाटत होतं. तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी गुणगुणायला लागलं. दवाखान्यात माणसं कण्हतात, खोकतात, शेजाऱ्याला आपली दुखणी सांगतात. गुणगुणत कुणी नाही. मी दुर्लक्ष केलं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली, आणि तिसरीच्या शेवटी चाल जिथे खाली उतरायला हवी तिथे ती एकदम वर चढली, तशीच वर राहिली आणि चौथ्या ओळीला कशीबशी येऊन मिळाली. चित्राचा तो कोपरा मी विसरलो. कारण ही चूक जगात एकाच माणसाची होती, आणि त्या माणसाला सहा वर्षांपूर्वी आम्ही पुरून आलो होतो.

चूक माझ्या ताईची. गाणं वडिलांचं. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे, आणि एक गीत त्यांनी स्वतः जुळवलं होतं, ‘हात माझे, काम तुझे’ असं काहीसं साधंसुधं. कुठल्या पुस्तकात ते नाही आणि आमच्या चर्चबाहेर कुणाला येतही नाही. तिसऱ्या ओळीला ताई लहानपणापासून चुकायची. वडील पेटी थांबवून म्हणायचे, “अगं बये, खाली उतर, पडशील वरून.” ती खुदकन हसायची आणि पुन्हा चढायची. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, पण मी बरोबर म्हणायचो. मी सगळंच बरोबर करायचो, हा माझा जन्माचा रोग आहे. “ताई चुकली, ताई चुकली,” असं मी ओरडायचो, आणि वडील माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघायचे. ती नजर मला तेव्हा कौतुकाची वाटायची.

मी मान वळवली नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं. आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून मी फक्त त्याचे हात पाहिले. मांडीवर औषधाची चिठ्ठी होती आणि तिच्यावर डावा हात. अंगठा, त्याच्या शेजारचं बोट, मग मोकळी जागा आणि टोकाला करंगळी. बस्स, पुढचं बघायची गरजच नव्हती. तो भोंगा होता. इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करणाऱ्या रोलरवर काम करायचा, आणि मशिनांच्या घरघरीवरून त्याचा आवाज पलीकडच्या वॉर्डात जायचा म्हणून त्याचं नाव भोंगा. मी त्या धुलाईघराचा सुपरवायझर. एकोणीस वर्षांपूर्वी एका दुपारी रोलरनं त्याची दोन बोटं नेली, मग त्याला पुढच्या दरवाज्यावर राखणीला बसवलं, आणि त्यानंतर मी मागच्या दारानं कामावर जायला लागलो. मागचं दार जवळ पडतं असं मी सगळ्यांना सांगायचो. जवळबिवळ काही नव्हतं, उलट शंभर पावलं जास्त होती.

ताई पण तिथेच होती, माझ्या हाताखाली. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, आणि मीच शब्द टाकून तिला लावून घेतलं. निवडणीचं टेबल म्हणजे धुलाईघरातली सगळ्यात घाण जागा. वॉर्डातून मळक्या चादरींच्या पिशव्या येतात, त्या टेबलावर उलट्या करायच्या आणि एकेक चादर हातानं उघडायची. रक्त, पू, ओकारी, मुतामुतीचं तर विचारूच नका. आणि त्यात गुंडाळून काय वाट्टेल ते आलेलं असतं. चष्मे, चमचे, सुया, बांगडी, एकदा तर आख्खा पाव. चादरीचे आधी चारही कोपरे हातात घ्यायचे, मग मधून तळवा फिरवायचा, मगच ती मशिनच्या ढिगात टाकायची. कोपरे सोडून मधेच हात घातला की सुई लागलीच म्हणून समजा. प्रत्येक पिशवीच्या नाडीला नंबराचा पत्र्याचा बिल्ला असतो. पिशवी निवडून झाली की निवडणारीनं बिल्ला काढून आपल्या खिळ्यावर अडकवायचा. खिळ्यावर बिल्ला नाही तर पिशवी मशिनला नाही. हा नियम माझाच, आणि मला त्याचा अभिमान होता.

पहिलं वर्षभर ताई रोज ओकायची. मला ठाऊक होतं, कारण घरी आल्यावर ती नुसता चहा घ्यायची आणि माझी बायको काळजी करायची. रडायची पण. एकदा मला म्हणाली, “भाऊ, मला दुसरीकडे कुठे टाक रे. तिथे उभं राहिलं की प्रार्थनासुद्धा सुचत नाही.” मी म्हणालो, सुपरवायझरच्या बहिणीला बदली दिली तर लोक काय म्हणतील? लोक! त्या लोकांतल्या एकाचंही नाव मला आज नीट आठवत नाही. मग एका दिवशी चादरीत एक कवळी सापडली. नियमानं ती डब्यात टाकायची, आठवड्यानं डबा वरच्या कचेरीत जातो. ताईनं ती घासून स्वच्छ केली आणि जेवायच्या सुट्टीत पिशवीच्या नंबरावरून वॉर्ड शोधत चार मजले चढून गेली. एक म्हातारा दोन दिवस पातळ पेज पीत तोंड मिटून पडला होता. त्यानं कवळी बसवली आणि आभार मानायच्या ऐवजी तिच्यावरच डाफरला, “इतका वेळ होतीस कुठे बाई? दोन दिवस भांडता येत नाहीये मला!” ताई खाली आली ती पोट धरून हसत. टेबलाशी उभी राहिली, पुढची पिशवी उलटी केली, आणि हसता हसताच वडिलांचं गीत म्हणायला लागली. तिसऱ्या ओळीला चुकून.

त्या दिवसापासून ती बदलली. असं एका दिवसात कुणी बदलत नाही हे मलाही कळतं, पण मी जे पाहिलं ते सांगतो. मी एकदा विचारलं होतं तिला, चिडूनच, की एवढ्या घाणीत तुला हसू येतं तरी कसं. ती म्हणाली, “अरे, प्रत्येक चादरीवर कुणीतरी झोपलेलं असतं. त्याचं नाव मला नाही माहीत, प्रभूला आहे. मी आपली कोपरे धरते आणि म्हणते, प्रभू, हा जो कोण आहे त्याला बघ रे. चादर संपली की पुढचा.” मग जरा थांबून, “ज्या प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले त्याला काय वास आला नसेल? आणि त्यातला एक तर उठून दगा द्यायला निघाला होता. त्याचेही धुतलेच ना!” हे सांगताना तिचे हात कोपरापर्यंत लाल होते, आणि चेहरा असा की सुट्टीला निघाली आहे. मला ते आवडलं नाही. खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर मी बसायचो, पाळकसाहेब घरी आले की शास्त्र मी बोलायचो, आणि आनंद मात्र हिला मिळाला होता, तोही मुताच्या ढिगाऱ्यात. कामावर ती मला मुद्दाम ‘साहेब’ म्हणायची, वाकून वगैरे. “साहेब, आज्ञा असेल तर नाक शिंकरू का?” सगळे हसायचे. भोंगा रोलरवरून ओरडायचा, “ताई, तिसऱ्या ओळीला सांभाळून!” तिची चूक त्यालाही कळली होती, चर्चचा उंबरा त्यानं जन्मात पाहिलेला नसताना.

बाकावरचं गुणगुणणं थांबलं. “साहेब?” तो म्हणाला. आवाज आता भोंग्याचा राहिला नव्हता, पण नंबर पुकारणाऱ्या बाईनं डोकं वर करून ‘शांतता राखा’ म्हणावं इतका होताच. मी वळलो. आश्चर्य वाटल्याचं सोंग मला बरं जमतं. “अरे, तू! किती वर्षांनी!” मग इकडचं तिकडचं झालं. गेल्या वर्षी निवृत्त झाला. बायको तीन वर्षांपूर्वी गेली. साखर वाढली आहे. मी हो का, अरेरे, असं करत होतो आणि माझे कान त्या थांबलेल्या गाण्याकडे होते. शेवटी न राहवून मी विचारलं, “ते काय म्हणत होतास मघाशी?” तो हसला. “ओळखलंत ना? ताईंचं. दर रविवारी ऐकून ऐकून पाठ झालं.” मी म्हणालो, “रविवारी? रविवारी धुलाईघर बंद असायचं.” “धुलाईघर नाही हो,” तो म्हणाला, “आमच्या घरी.”

आता ती दुपार सांगायलाच हवी. त्या दिवशी दुसरी निवडणारी रजेवर होती, दोन मशिनांतलं एक बंद होतं, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतून तीनदा फोन आला होता की हिरव्या चादरी संपल्या, काय झोपलात का. तिथल्या बारा पिशव्या सकाळपासून येऊन पडल्या होत्या. ताईनं अकरा निवडल्या होत्या, आणि बारावीच्या वेळी टेबलापाशी कुणी नव्हतं. कुणाचा तरी चष्मा सापडला म्हणून ती तो घेऊन वर गेली होती. मी मनात म्हणालो, निघाली ही परोपकाराला. आणि मी ती बारावी पिशवी उचलली, तशीच्या तशी मशिनमध्ये रिकामी केली. शस्त्रक्रियावाले आपली हत्यारं मोजून घेतात, त्यात काय असणार. रिकामी पिशवी हातात राहिली, तिचा बिल्ला राहिला. बिल्ला असा टाकून देता येत नाही. मी तो ताईच्या खिळ्यावर अडकवला. त्यात काही कपट नव्हतं हो, देवाशप्पथ. नियम मोडतानासुद्धा मला तो वहिवाटीप्रमाणे मोडायचा होता, एवढंच. ताई खाली आली, बारा बिल्ले बघितले, म्हणाली, “अरे वा, संपल्या पण? माझं लक्षच नाही,” आणि गात पुढच्या वॉर्डाच्या पिशव्यांकडे वळली.

त्या पिशवीत एक चिमटा होता, कात्रीसारखा, टोकाला दाते असलेला. असा चिमटा एकदा कापडाला चावला की सुटत नाही. धुण्यात सुटला नाही, पिळणीत सुटला नाही. तीन वाजता चादर रोलरवर आली, चिमटा पट्टीत अडकला, चादरीला झोल पडला, भोंग्यानं ती सरळ करायला हात घातला आणि चादरीनं हात आत ओढला. मी तेव्हा माझ्या काचेच्या खोलीत होतो. आधी मला वाटलं नेहमीसारखा ओरडतोय. ताई माझ्याआधी पोचली. रोलर तिनं बंद केला, हातावर कापड तिनं दाबलं, आणि त्याला स्ट्रेचरवर नेईपर्यंत त्याचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिच्या तोंडाकडे मी बघितलं ते तेव्हाच शेवटचं नीट.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत चौकशी झाली. चादर कुठल्या पिशवीतली, तर बाराव्या. बिल्ला कुणाच्या खिळ्यावर, तर ताईच्या. माझी सगळी उत्तरं खरी होती. नियम काय, मी सांगितला. बिल्ला कुठे होता, मी सांगितलं. पिशवी मशिनमध्ये कुणी टाकली, हे मला कुणी विचारलंच नाही, कारण मशिनमध्ये पिशव्या टाकणं सुपरवायझरचं काम नव्हे. पुढच्या महिन्यात मला मुख्य सुपरवायझर करायचं चाललं होतं. मी वाट बघत होतो की ताई म्हणेल, ती पिशवी मी उघडल्याचं मला आठवत नाही. तेवढं ती म्हणाली असती तर मी बोललो असतो. असं मी एकोणीस वर्षं स्वतःला सांगत आलोय. पण ताई उभी राहिली आणि म्हणाली, “बिल्ला माझ्या खिळ्यावर आहे म्हणजे माझ्याच हातून गेलं, डॉक्टरसाहेब. मी गात होते. लक्ष चुकलं असणार.” मी समोरचा पाण्याचा ग्लास नीट झाकून ठेवला. झाकली मूठ झाकलीच राहिली.

मग मी ताईवर उपकार केला. तिला शिवणाच्या खोलीत बसवलं, फाटक्या चादरी शिवायला. स्वच्छ काम, बसून काम, वास नाही, एकटीची खोली. आता मी लोकांची पर्वा केली नाही बघा. आणि निवडणीच्या टेबलावर पाटी लावली, ‘येथे गाणे व बोलणे मना आहे’. अक्षर माझं, सुबक. शिवणखोलीवर पाटी नव्हती, पण ताई तिथेही गायली नाही आणि घरीही नाही. चर्चमध्ये तिचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. मी तिच्या शेजारी बसून तिसऱ्या ओळीची वाट बघायचो. मला आणखी एक खटकायचं, तिनं मला ‘साहेब’ म्हणायचं सोडलं. घरात, कामावर, सगळीकडे नुसतं ‘भाऊ’, आणि ते इतक्या मायेनं की मला वाटायचं हिला सगळं कळलंय. मग वाटायचं, कळलेलं नाही, म्हणून तर माया आहे. रविवारी उपासना संपली की आम्ही घरी यायचो आणि ती दोन-अडीच तासांनी यायची. बायको विचारायची, कुठे होतात, तर म्हणायची, “देवाघरचं जरा काम होतं.” बोटांची टोकं सुरकुतलेली असायची. मी समजायचो चर्चमध्ये पेले धुते, फरशी पुसते. विचारावंसं कधी वाटलं नाही, आणि आपण काही विचारलं तर तीही काही विचारेल, ही भीती तर होतीच.

“पहिले तीन रविवार मी दार उघडलं नाही,” भोंगा सांगत होता. आत चव्वेचाळिसावा गेला होता. “आतून शिव्या घातल्या. कसल्या कसल्या, तुमच्यासमोर उच्चारता यायच्या नाहीत. चौथ्या रविवारी बायकोनं उघडलं, तर मी पितळी तांब्या फेकून मारला. इथे लागला त्यांना, कपाळाला.” मला ती खूण आठवली. शिवणखोलीच्या फळीला आपटलं, असं म्हणाली होती. “तरी आत आल्या. म्हणाल्या, तुमच्या बायकोचे गुडघे दुखतात, तुम्हाला एका हातानं पिळता येत नाही, कपडे कुठे आहेत सांगा. मी म्हटलं, बाई, तुमच्या धुण्यानं बोटं उगवणार आहेत का? तर म्हणाल्या, नाही उगवणार, पण कपडे तर धुतले जातील.” तो हसला, आणि डोळे चिठ्ठीवरच ठेवून बोलत राहिला. “सहा महिने तोंडातून शब्द नाही, नुसतं धुवायच्या. एक दिवस बायकोच म्हणाली, अहो ताई, हे म्हणतात तुम्ही छान गाता. मी म्हणालोच नव्हतो तसं! पण आता बोलल्यावर काय करणार, म्हटलं, हो, गा. तर त्या रडायला लागल्या. आणि मग गायल्या, साहेब. त्यानंतर बारा वर्षं, आजारी पडेपर्यंत, एक रविवार चुकला नाही. हसायच्या काय, चेष्टा काय करायच्या. बायको म्हणायची, रविवार आला की घरात उजेड येतो. मी एकदा म्हटलं, ताई, आता पुरे, फिटलं सगळं. म्हणाल्या, फिटायचं कुठलं, बिल्ला माझ्या खिळ्यावर आहे. पण आता मी फेडायला येत नाही हो, आता मला इथे बरं वाटतं म्हणून येते.”

बारा वर्षं. माझ्या भिंतीपलीकडे ती गप्प राहिली आणि तीन गल्ल्या सोडून गात होती. मला आधी काय वाटलं सांगू? लाज नाही वाटली. राग आला. माझी बहीण, माझ्या वडिलांचं गाणं, आणि ते या माणसाच्या मोरीत! मग एकेक करून बाकीचं आलं, कपाळावरची खूण, सुरकुतलेली बोटं, शेवटच्या आजारात माझा हात धरून म्हणालेली, “भाऊ, एक चूक झाली रे माझ्या हातून, तेवढी सोडली तर मी सुखात गेले बघ.” तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. बायको औषध आणायला गेली होती. ती यायला पंधरा मिनिटं तरी लागणार होती. पंधरा मिनिटं मी ताईचा हात चोळत बसलो, आणि म्हणालो, “जाऊ दे गं, झालं ते झालं.” म्हणजे मी तिला क्षमा केली! माझ्या तोंडाला किडे कसे पडले नाहीत त्या वेळी.

“सेहेचाळीस,” बाईनं पुकारलं. भोंग्याचा नंबर अठ्ठेचाळीस होता. मला वाटलं, आणखी एक माणूस, मग मी आत जाईन, बाहेर येईपर्यंत हा आत गेलेला असेल, आणि मी मागच्या दारानं निघेन. या दवाखान्याला मागचं दार आहे, मी पाहून ठेवलंय. “भोंग्या,” मी म्हणालो, “ती पिशवी ताईनं उघडलीच नव्हती. ती वर गेली होती चष्मा द्यायला. मी टाकली मशिनमध्ये. बिल्ला मी अडकवला.” एवढंच. एकोणीस वर्षं पोटात ठेवलेलं, सांगायला सगळं मिळून एवढंच निघालं.

त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. त्याचा डावा हात चिठ्ठीवरून उठला, कपाळाकडे गेला, आणि ताईच्या कपाळावर खूण होती तिथे, स्वतःच्या कपाळाला, ती उरलेली बोटं टेकून राहिली. “तांब्या मारला मी तिला,” तो म्हणाला. मी म्हणालो, “मला शिव्या घाल.” तो म्हणाला, “शिव्या संपल्या माझ्या तिच्यावर.” मग एकदम वळला, आणि तो जुना आवाज निघाला, सगळा दवाखाना वळून बघेल असा. “मला कशाला सांगताय? तिला सांगायचं होतं! तेरा वर्षं होती ना तुमच्या घरात! एकदा सांगायचं होतं तिला!” बाई उठून उभी राहिली. “सत्तेचाळीस,” कुणीतरी म्हणालं, “सत्तेचाळीस कोण आहे?” मी हललो नाही. शेवटी अठ्ठेचाळिसावा आत गेला, माझ्याकडे न बघता.

मी तिथेच बसून राहिलो. उठून जाता आलं असतं. तो बाहेर आला, माझ्या समोरून दारापर्यंत गेला, थांबला, परत आला. “कपडे रविवारचेच असतात,” तो म्हणाला. “मला नीट पिळता येत नाही. आलात तर या. नाही आलात तरी मी कुणाला काही सांगणार नाही.” आणि पत्ता न देताच गेला, जणू मला तो ठाऊक असायलाच हवा.

तीन गल्ल्या. रविवारी उपासना संपल्यावर बायकोला म्हणालो, तू हो पुढे. ती म्हणाली, “तुम्ही कुठे?” माझ्या तोंडावर आलं होतं, देवाघरचं जरा काम आहे. पण ते शब्द ताईचे होते, म्हणून मी म्हणालो, “घरी आल्यावर सांगतो, सगळं सांगतो.” भोंग्यानं दार उघडलं आणि काही न बोलता मोरी दाखवली. बादली, साबण, पाट. पाटाला मधे खड्डा पडला होता, आणि तो कुणाच्या बसण्यानं पडला हे मी विचारलं नाही. मी पहिला शर्ट घेतला. हात आपोआप कोपरे शोधायला लागले, शर्टाला कसले कोपरे, तरी. मग मी तळवा फिरवला, आणि मनात म्हणून बघितलं, प्रभू, हा जो कोण आहे त्याला बघ रे. हा म्हणजे कोण, भोंगा की मी, ते माझं मलाच कळलं नाही. आनंदबिनंद काही झाला नाही. पाणी गार होतं आणि कंबर दुखायला लागली.

दोन शर्ट झाल्यावर तो उंबऱ्याशी येऊन बसला. बराच वेळ माझ्या धुण्याकडे बघत राहिला. “बरोबर धुता तुम्ही,” म्हणाला. मग म्हणाला, “ताई म्हणायच्या, मला चाल चुकीची येते. खरी चाल माझ्या भावाला येते, एकदा त्याला घेऊन येईन, त्याच्याकडून ऐका. दरवेळी म्हणायच्या. मी म्हणायचो, आणा ना. म्हणायच्या, येईल तो, जरा वेळ लागतोय त्याला.” मी साबण खाली ठेवला. “म्हणून दाखवा की आता,” तो म्हणाला. मी एकोणीस वर्षांत गायलो नव्हतो. घसा खाकरून पहिली ओळ म्हणालो, दुसरी म्हणालो, आवाज जागोजागी फाटत होता. तिसरी मला पक्की ठाऊक आहे. वडिलांच्या पेटीवर ती खाली उतरते, चार पायऱ्या, मी कधी चुकलो नाही. मी तोंड उघडलं आणि ती वर चढली. थांबून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा चढली.

“अहो,” भोंगा म्हणाला, “ही तर त्यांचीच.”

“हीच खरी,” मी म्हणालो. हे ताईला एकदा तरी म्हणायला हवं होतं. माझे दोन्ही हात साबणानं भरले होते, त्यामुळे डोळे पुसता येईनात, आणि तो उंबऱ्यावर बसून चौथी ओळ एकट्यानंच म्हणत राहिला.